घराबाहेरचं हसू

थंडी पडायला लागली की बुलढाण्यातल्या आमच्या घरामागच्या बागेत सकाळी हसणारी माणसं जमतात. सगळी साठीच्या पुढची. कानटोप्या, मफलर, पांढरे बूट. त्यातला एक जण मोठ्यानं "एक, दोन, तीन" म्हणतो आणि पंधरा-वीस जणं हात आभाळाकडे करून हसतात. आधी खोटं खोटं, मग हळूहळू खरं. माझी सून म्हणते, "आई, तुम्हीही जात जा. छाती मोकळी होते, भूक लागते, झोप चांगली येते. डॉक्टरच सांगतात आता."

खरंच असेल. मला तर ते डॉक्टरांच्या आधीपासून माहीत आहे. तरी तो पहिला हशा खिडकीतून आत आला की मी चहाचा कप खाली ठेवते. ब्याऐंशी वर्षांची झाले, पण म्हातारं माणूस मोठ्यानं हसलं की मी आधी त्याच्या डोळ्याकडे बघते. डोळा जागेवर आहे ना, पाणी आलंच तर ते लाल नाही ना.

ही भीती एका हिवाळ्याची आहे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन दीड वर्ष.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे. विहिरीवर मोट, मोटेखाली वांग्याचे, मेथीचे, मिरचीचे वाफे. थंडीत त्या मळ्याला एक वास असायचा. ओल्या मातीचा, मेथीचा आणि बांधावर पेटवलेल्या तुराट्यांच्या धुराचा. सकाळी मोट रिकामी होताना पाण्यावरून वाफ उठायची. आणि त्या सगळ्यावरून आत्याबाईंचं हसू जायचं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत. नाव गिरजाबाई. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, रुंद हाडाच्या. त्यांचं हसू पोटातून निघायचं, खांद्यांत जायचं आणि मग तोंडातून बाहेर पडायचं, तोवर आजूबाजूच्या बाया आधीच हसायला लागलेल्या असायच्या. माझं माहेर साखरखेर्ड्याचं. तिकडे आम्ही 'मला', 'तुला' म्हणतो, इकडे 'मले', 'तुले'. पहिल्या दिवशी मी "मला पाणी द्या" म्हटलं, तर आत्याबाई इतक्या हसल्या की तांब्यातलं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. "पुण्याची आली वं माय आमच्या घरी," म्हणाल्या. मला रडू आलं होतं. महिन्याभरानं मीही त्यांच्याबरोबर हसायला शिकले. त्या घरातली माझी पहिली ओळख ती.

पण त्यांनी माझं तोंड कधी नीट पाहिलं नव्हतं. मी घरात आले तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वांगं किडकं की चांगलं, हे त्या बोटांनी ओळखायच्या. मला आवाजानं. त्या वर्षी कार्तिकात एका धुक्याच्या सकाळी त्या पायवाट समजून विहिरीच्या काठाकडे चालत निघाल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोटेवरून उडी मारून त्यांना कमरेला धरलं. एक पाय काठाच्या बाहेर होता. आत्याबाई त्यावरही हसल्या. "पाय धुवाले चालली होती," म्हणाल्या. पण ह्यांनी त्या दिवशी मोट पुन्हा धरली नाही. त्याच आठवड्यात कळलं की तालुक्याच्या गावी शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार आहे, बाहेरून मोठे डॉक्टर येणार आहेत.

आज मोतीबिंदूचं काय आहे? माझा मागच्या वर्षी काढला. सकाळी गेले, दुपारी घरी येऊन वरण-भात जेवले. तेव्हा तसं नव्हतं. शाळेचे बाक बाहेर काढून वर्गावर्गात गवत पसरलं होतं, त्यावर सतरंज्या. एका वर्गात बाया, शेजारच्या वर्गात माणसं. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. आठ दिवस तसंच उताणं पडून राहायचं. स्पिरिटचा वास, गवताचा वास, आणि रांगेनं पडलेल्या पांढऱ्या पट्ट्यांची तोंडं. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला ती सगळी मेलेली माणसं वाटली. मला तेव्हा तिसरा महिना होता. आदल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. त्या वर्गाच्या दारात मी पोटावर पदर घट्ट धरून उभी राहिले.

डॉक्टर सगळ्यांना एकदाच मोठ्या आवाजात सांगत होते. "खोकायचं नाही. शिंक आली तर जिभेनं टाळू दाबा. शौचाला जोर करायचा नाही. आणि हसायचं तर अजिबात नाही. आतला टाका सुटला तर डोळा गेला."

"आन रडाचं?" आत्याबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"रडायचंही नाही आजी."

"मंग करू तरी काय?"

"पडून राहा."

आत्याबाईंचे खांदे हलायला लागले. मी त्यांचा हात दाबला. "आत्याबाई, नका ना." त्यांनी ओठ आत ओढून घेतले आणि हसू गिळलं. मी पाहिलं ते गळ्यातून खाली जाताना.

दोन दिवस मी त्यांचं हसू राखत बसले. दुसरं काही काम नव्हतं. चमच्यानं पातळ पेज भरवायची आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांवर नजर ठेवायची. कोणी विनोदाचं बोलायला लागलं की मी हात जोडायची. शेजारच्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याच्या खोड्या सांगायची, तिच्या मुलीला मी बाजूला नेऊन विनवलं, तिला गप्प करा. माझ्या डोक्यात एकच, त्यांचा डोळा माझ्या हाती दिलाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते झालं.

माणसांच्या वर्गातल्या एका म्हाताऱ्याला त्याचा भाऊ, उठायची मनाई असताना, गुपचूप शौचाला घेऊन गेला होता. परत येताना भावानं त्याला भिंतीशी उभं केलं आणि तो पाणी आणायला गेला. म्हातारा घाटाखालच्या कुठल्याशा गावचा, थांबायचं माहीत नसलेला. भिंत चाचपत चाचपत तो आमच्या वर्गात शिरला, आपली समजून चौथी सतरंजी मोजली आणि आत्याबाईंच्या पायाशी येऊन बसला. डोळ्यांवर पट्टी, दोघांच्याही. त्यानं आत्याबाईंच्या पावलाला हात लावला आणि बायको भेटायला आलीय असं वाटून घरी बोलावं तसं म्हणाला, "म्हैस दोयली का वं?"

आत्याबाई तितक्याच घरगुती आवाजात म्हणाल्या, "दोयली. पन तुमी कोन्या गावचे पावने?"

म्हातारा ताडकन उठला आणि भिंतीवर जाऊन आदळला.

आत्याबाई हसल्या नव्हत्या. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आधी हसले मी. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता तरी माझं हसू फुटलं, वीस वर्षांच्या पोरीचं हसू ते, आणि ते ऐकून आत्याबाईंचं पोट हललं. खांदे हलले. वाळूच्या पिशव्या हलल्या. दोन दिवसांचं गिळलेलं सगळं वर आलं. आणि मधेच तो आवाज तुटला.

"आवं माय," म्हणाल्या. हात पट्टीकडे गेला. "सूनबाई, डोयात काई तरी झालं वं."

पट्टीच्या खालच्या कडेला एक गुलाबी डाग दिसायला लागला. तो रुपयाएवढा होईपर्यंत मी डॉक्टरांना हाक मारायला दारात धावले होते. डॉक्टर आले. पट्टी सोडली, बॅटरीचा उजेड टाकला आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "बुबुळाचा पडदा टाक्यातून बाहेर आलाय. कुणी हसवलं यांना?"

आत्याबाईच म्हणाल्या, "मीच काई तरी आठवून हासली."

त्यांना उचलून नेलं, पुन्हा टाका घातला, पुन्हा आणलं. डॉक्टर म्हणाले, नजर राहील की जाईल ते पट्टी सुटल्यावर कळेल. संध्याकाळ झाली होती. वर्गात कंदील यायचा होता. आत्याबाई औषधाच्या गुंगीत निपचित पडल्या होत्या, श्वास कळत नव्हता इतक्या. मी सतरंजीच्या कडेला डोकं टेकलं आणि आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देवीला हळूच म्हटलं, "यांचा डोळा राहू दे माय. आमच्या घरात यांचं हसू पुन्हा ऐकू येणार नाही. मी येऊ देणार नाही."

माणूस भ्यालं की दुसऱ्याची वस्तू गहाण टाकतं. मी हसू टाकलं, तेही माझं नव्हे.

पट्टी सुटली. डोळा राहिला. फक्त बाहुली गोल राहिली नाही, खाली ओघळलेल्या थेंबासारखी झाली. आत्याबाईंना उजेड दिसला, डॉक्टरांची बोटं दिसली. सगळे म्हणाले, नशीब. हिरवी कापडी झापड लावून आम्ही त्यांना खासरात घालून घरी आणलं. खासर म्हणजे आमची बैलगाडी, खाली कडबा आणि वर गोधडी.

आणि घरी आल्यावर आत्याबाई हसल्याच नाहीत.

आधी मला बरं वाटलं. अजून जखम ओली आहे, सांभाळून आहेत. पौष गेला. माघात त्यांचा चष्मा आला, जाड, तव्यासारख्या भिंगांचा. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. मी समोर बसले होते. त्यांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं. ओठ थरथरले. काहीतरी बोलणार होत्या, तोंडावर आलं होतं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळून बसल्या.

एखाद्या घरातून हसू गेलं की त्याची पोकळी ऐकू येते, हे मला तेव्हा कळलं. चूल फुणफुणायची. मोटेचं चाक कुरकुरायचं. बाया माळव्याची, म्हणजे भाजीची, पाटी न्यायला यायच्या, त्यांना वाटेत सुचलेलं सांगायच्या आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत निघून जायच्या. बाया एकमेकींकडे पाहायच्या. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. आत्याबाईंचं मळ्यात जाणं थांबलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. रात्रभर त्या कुशी बदलायच्या आणि दिवसा बसल्या जागी पेंगायच्या. दोन पावलं चालल्या की धाप. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ज्या बाईच्या हसण्यानं मोटेवरचा बैल थबकायचा, तिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येईना.

हे मला विचारायचे, "काऊन वं, मायले काय झालं? डोया तं चांगला हाय."

मी म्हणायची, "थंडीनं असेल."

मला ठाऊक होतं. देवीनं माझं ऐकलं होतं, शब्दाला शब्द. डोळा दिला आणि हसू नेलं, आणि हसण्याबरोबर तिच्यातलं काय काय नेलं ते मी रोज मोजत होते. नवस परत घ्यावा तर डोळा जाईल. न घ्यावा तर आत्याबाई जातील. टेकडीच्या पायथ्याशी मी दोनदा जाऊन आले, वर चढायला पाय उचलले नाहीत. पोट दिसायला लागलं होतं. त्यात काही हललं की मला वाटायचं, आता इथं हिशेब होईल.

फाल्गुन लागता लागता ह्यांनी त्यांना पुन्हा तालुक्याला नेलं, साध्या दवाखान्यात. मीही खासरात बसले. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, डोळा पाहिला. आम्हा दोघांना बाहेर बोलावून म्हणाले, "शरीरात मोठा दोष काही नाही. पण या बाईनं जगण्यातून अंग काढून घेतलंय. यांना चारचौघांत बसवा, बोलतं करा, हसवा. त्याच्यापुढं माझं औषध कमी आहे."

"हसलं तर डोळ्याला?" मी विचारलं.

"डोळा केव्हाच भरला. आता खुशाल हसू द्या."

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंनी जवारी सोंगून पडली होती. हे पुढं बसून हाकत होते. आत्याबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. त्यांचं डोकं किती हलकं झालं होतं! चाकाचा एक हिसका बसला आणि त्यांचा चष्मा घसरला. तो नीट करताना मला ती ओघळलेली बाहुली इतक्या जवळून दिसली की मला राहवेना.

"आत्याबाई, मी नवस बोलले होते," मी म्हटलं. "तुमच्या हसण्याचा."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मले मालूम हाय."

"कसं?"

"डोयावर पट्टी होती वं. कानावर थोडी होती?"

मी त्यांच्यावर वाकले. "म्हणजे तुम्ही मुद्दाम? इतके दिवस?"

"नवस तू बोलली. मी मोडला असता तं कोनावर आला असता? तुयावर. आन तुया पोटात ते लेकरू. मागच्या बारीचं मी पाह्यलं नाई का?" त्या थांबल्या, धाप लागली. "मले काय, मी म्हातारी. न हासता मेली तं मेली."

मी रडत होते. ह्यांनी मागं वळून पाहिलं आणि बैल थांबवले. मी म्हटलं, मी उद्याच टेकडीवर जाते, नवस परत घेते, काय व्हायचं ते माझं होऊ दे. आत्याबाई एकदम उठून बसल्या, किती दिवसांनी कोणाचा आधार न घेता.

"देवीसंगं घासाघीस करतं का? काई गरज नाई. काय बोलली होती तू? आखीन एकडाव सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. "यांचा डोळा राहू दे माय. आमच्या घरात यांचं हसू पुन्हा ऐकू येणार नाही. मी येऊ देणार नाही."

"घरात म्हनलं तू?"

"हो."

"नक्की घरात?"

"हो आत्याबाई."

त्यांनी चष्म्यातून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सोंगलेलं वावर, पलीकडे बाभळी, वर मोकळं आभाळ. "मंग हे काय घर हाय?" म्हणाल्या. "हे तं खासर हाय."

आधी नुसता घशातला घरघर आवाज आला. मग खोकला. मी त्यांचं तोंड धरायला हात पुढं केला, खरंच केला, त्यांनी तो झटकून टाकला. मग खांदे हलले. मग ते आलं. जुनं हसू, पोटातलं, गंजलेलं, मधे मधे अडकणारं. हेही हसायला लागले, काय झालं ते न कळता. बैलांनी कान टवकारले. मी हसले नाही. मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरून डोळ्यात पाहत होते. पाणी आलं होतं. पांढरं, स्वच्छ पाणी.

त्या रात्री त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि सकाळी उशिरापर्यंत झोपल्या. आठ दिवसांनी मळ्यात गेल्या, कारण हसायचं तर बाहेर जायलाच हवं होतं. बांधावर बाया पुन्हा जमायला लागल्या. धाप गेली. बांगड्या मनगटावर परत आल्या. आषाढात माझी मुलगी झाली, धडधाकट. दुसऱ्या डोळ्याचं नाव मात्र आत्याबाईंनी कोणाला काढू दिलं नाही. एका डोळ्यानं पुढं सतरा वर्षं पाहिलं.

आणि त्या सतरा वर्षांत घरात एकदाही हसल्या नाहीत. माझ्यासाठी. जेवताना कोणी काही बोललं आणि हसू आलं, की त्या ताटावरून उठायच्या, पदर तोंडाला लावून लगबगीनं उंबरठा ओलांडायच्या आणि अंगणात जाऊन मोकळ्या व्हायच्या. परत येऊन उरलेला घास खायच्या. पाहुण्यांना वाटायचं, बाईला काहीतरी आजार आहे. पोरं त्यांना मुद्दाम दिवसातून दहादा पळवायची. सत्तरी उलटली तरी त्या उंबरठ्यावरून पाय उचलून जायच्या. मी दरवेळी मागोमाग दारापर्यंत जायची, डोळा पाहायला.

शेवटचं आजारपणही हिवाळ्यातलंच. छातीत कफ दाटला होता. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना थंडी लागू देऊ नका, जागेवरून हलवू नका. खाट आतल्या खोलीत होती. बोलणं बंद झालं होतं. दुपारी त्यांची रोहिणखेडची चुलत बहीण आली. तिला वाटेत कोणीतरी गिरजा गेली म्हणून सांगितलं असावं. ती अंगणापासूनच हंबरडा फोडत आली, "गेली वं माही गिरजा, मले टाकून गेली वं," करत आत शिरली आणि खाटेवर पडून छाती बडवायला लागली.

आत्याबाईंनी डोळा उघडला. तिच्याकडे पाहिलं. तीन दिवसांनी पहिला शब्द बोलल्या.

"कोनती गिरजा?"

बहीण जागीच गोठली. तिचं तोंड तसंच उघडं. आणि मी पाहिलं, आत्याबाईंचे खांदे हलायला लागले होते. ओठ घट्ट मिटले होते. चेहरा लाल होत होता. एक बोट वर उचललं गेलं, दाराकडे.

"डॉक्टरनं हालवू नोका म्हनलं हाय," हे म्हणाले.

मी आधीच उशाकडची बाजू धरली होती. बाहेर वारा होता. मला वाटत होतं उंबरठ्यावरच त्यांचा श्वास जाईल, माझ्या हातात, आणि पुन्हा मीच कारण असेन. तरी मी उचललं. ह्यांनी पायाकडून उचललं. रडायला आलेल्या बहिणीनं एक कोपरा धरला. चौकट अरुंद होती, खाट तिरकी करावी लागली. खाटेचे पाय उंबरठ्यापलीकडे टेकले आणि आत्याबाई हसल्या. आवाज फार नव्हता. पण पोटातून होता.

त्या दिवशी दोन घास दूधभात खाल्ला. पुढं अकरा दिवस जगल्या आणि त्यातले नऊ दिवस दुपारी खाट बाहेर काढावी लागली. चौकटीचा रंग खाटेच्या घासण्यानं दोन्ही बाजूंनी निघाला. ह्यांनी तो पुन्हा कधी दिला नाही.